दादानं घडवलेलं खाजण

आमची आई माझ्या भावाशी सात वर्षं बोलली नाही, आणि तीही एकाच घरात राहून. ती खाली, तो वरच्या मजल्यावर. जिना एकच, पाण्याची टाकी एकच, गणपतीही एकच. त्याला काही सांगायचं असलं की ती वहिनीला सांगायची, आणि वहिनी घरात नसली की मला फोन लावायची.

"त्याला सांग, मीटरचा मानूस येऊन गेला."

मग मी जुईनगरच्या माझ्या स्वयंपाकघरातून उरणकडच्या आमच्या गावात, तिच्या डोक्यावरच्या खोलीत बसलेल्या दादाला फोन करायचे आणि सांगायचे, की मीटरचा माणूस येऊन गेला. तो म्हणायचा, "ऐकलं मी. खालून आवाज आला." तरीही मी फोन करायचा, हे तिघांनाही मान्य होतं.

आमच्या गावापुढे खाडीला लागून चिखलाचा लांबरुंद सपाट पट्टा होता. भरतीला तो पाण्याखाली जायचा, ओहोटीला उघडा पडायचा. आम्ही त्याला खाजण म्हणायचो. सातबाऱ्यावर तो कुणाच्याच नावावर नव्हता, पण गावातल्या बायकांचा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुरुष होड्या घेऊन पुढे जायचे, बायका पाटी आणि कोयती घेऊन चिखलात उतरायच्या. खुबे, शिवल्या, निवट्या, कधी एखादी चिंबोरी. खुबे म्हणजे जाड, पन्हळी शिंपल्यांचे जीव, बोराएवढे किंवा त्याहून मोठे. आई ते पायानं शोधायची. चालता चालता थांबायची, टाचेनं दाबायची, वाकायची आणि हात कोपरापर्यंत आत घालून मूठभर घेऊन वर यायची. बाबा गेल्यावर आम्हा दोघांना तिनं याच चिखलावर वाढवलं. माझं बारावीपर्यंतचं शिक्षण त्यातूनच झालं.

खाजण भरायला घेतलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. पुढे कंटेनरची यार्डं येणार, गोदामं येणार, असं बरीच वर्षं ऐकू येत होतं. जमिनी तर कधीच गेल्या होत्या. मग एके दिवशी मुरूम भरलेले डंपर आले. गावातल्या बायका जाऊन आडव्या बसल्या. आई पुढे होती. समोर एक पोकलेन उभा होता, त्याच्या काचेवर ऊन पडलेलं, आतला ड्रायव्हर दिसत नव्हता. बायकांना वाटलं, कुणी बाहेरचा असेल, हिंदीत दोन शिव्या दिल्या की उतरेल. शिव्या दिल्याही. बराच वेळ काही हललं नाही. मग केबिनचा दरवाजा उघडला आणि दादा खाली उतरला.

घरी त्यानं सांगितलं होतं, उलव्याकडे काम लागलंय. सकाळी आईनंच त्याला डबा भरून दिला होता.

मी तिथे नव्हते. वहिनीनं सांगितलेलं सांगते. आईनं त्याला काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाली, "डबा दे." त्यानं केबिनमधून डबा काढून दिला. तिनं तो घेतला आणि वळून घरी निघून गेली. बाकीच्या बायका दुपारपर्यंत बसल्या, मग उन्हानं एकेक उठल्या. संध्याकाळपर्यंत पहिला पट्टा भरला. त्या दिवसापासून ती दादाशी बोलली नाही.

दादा मला म्हणायचा, "मी उतरलो असतो तर दुसरा चढला असता." हे खरंच होतं. शेजारच्या गावची चार पोरं त्या सीटसाठी रांगेत होती. त्याच्या पदरात दोन लेकरं होती. मी आईला हे समजावून बघितलं तर ती म्हणायची, "दुसरा चरला असता तर चरू देयाचा. तो माजा नसता."

आणि गंमत अशी की त्याच भरावावर जे यार्ड उभं राहिलं, तिथे पुढे मला ऑफिसात नोकरी लागली. गाड्यांची एन्ट्री, गेटपास, कॉम्प्युटर. ज्या जागी आई वाकायची, साधारण तिथेच माझी खुर्ची असावी. पण मला ती कधी काही बोलली नाही. उलट मी दुपारी घरी जेवायला गेले की मासा तळून ठेवायची. ह्याचा दादाला किती त्रास व्हायचा ते मला दिसायचं. तो एकदा हसत म्हणाला होता, "तू बसलीस तर चालतं, मी भरलं ते चालत नाय." हसत म्हणाला, पण नंतर जेवला नाही.

मग ते गाळाचं काम आलं.

बंदराच्या वाटेत गाळ साचतो, तो सतत काढावा लागतो. ड्रेजर तो उपसतो आणि लांब समुद्रात नेऊन टाकतो. आता त्यातला थोडा गाळ किनाऱ्यावर आणून त्याचंच नवं खाजण करायचं, असं ठरलं होतं. आमच्या गावाच्या दक्षिणेला एक जुना बांध फुटून लाटांनी किनारा खाल्ला होता, ती जागा निवडली. पाइपातून पातळ गाळ सोडायचा, बांबू आणि काथ्याच्या जाड वळकट्या लावून तो अडवायचा, पाणी निथळू द्यायचं, मग पुन्हा पुढचा थर. पक्षी यावेत, किनारा टिकावा, हा हेतू. तरंगणारा पोकलेन चालवायला माणूस हवा होता. दादाला भरावानंतर यार्डातच मशीनवर पक्कं काम मिळालं होतं, ते सोडून तो तिकडे गेला. वहिनी चिडली. मी विचारलं, कशाला? म्हणाला, "ह्याच्यात हात बसलाय माझा. भरायला बसला, तर घडवायला पन बसेल."

ते काम सोपं नव्हतं. उतार इतका थोडा ठेवायचा होता की नुसत्या डोळ्यांना दिसायचा नाही. पाणी चढायला लागलं की मगच कळायचा. एका बाजूला जरा उंचवटा राहिला तर तिथे पाणी पोचत नाही, खड्डा राहिला तर ते साचून कुजतं. दादा बकेटच्या पाठीनं चिखल असा सारवायचा की बघत राहावं. पहिल्यांदा त्यानं लावलेली एक बाजू उधाणाच्या दोन दिवसांत वाहून गेली. तो घरी येऊन खाटेवर पडून राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

संध्याकाळी तो वर जेवायला बसायचा आणि वहिनीला दिवसभराचं सांगायचा. इतक्या मोठ्यानं सांगायचा की गल्लीत ऐकू जावं. "आज पानी बरोबर चढलं. पूर्वेकडून शिरलं आनि सगळीकडे पसरलं." वहिनी म्हणायची, "अहो, मी समोर बसलेय." खाली आईची टीव्हीवरची मालिका चालू असायची. वहिनीनं मला सांगितलं, की हा बोलायला लागला की खालचा टीव्हीचा आवाज बारीक होतो.

मी एकदा आईला सहज विचारलं, "ऐकतेस ना त्याचं?"

"मना काय ऐकाचंय?" ती म्हणाली. मग तांदूळ निवडता निवडता, थोड्या वेळानं, "पूर्वेकरून शिरतं म्हनं पानी. तिकरून शिरलं त बरा."

त्या कामावर एक मॅडम होत्या. मूळ लातूरकडच्या, राहायला माझ्याच जवळ, जुईनगरला. चिखलातले जीव हाच त्यांचा अभ्यास. गावच्या देवळात त्यांनी सगळ्यांना बोलावून काम समजावून सांगितलं. मी आईला घेऊन गेले होते. ती मागे, खांबाला टेकून बसली. दादा पुढे उभा होता, चित्राचा कागद धरून. मॅडमचं बोलणं झालं, पुरुषांचे प्रश्न झाले, आणि मग मागून आईचा आवाज आला.

"यान खुबे व्हतील कं?"

देवळात सगळे वळून बघायला लागले. दादानं कागद खाली घेतला.

मॅडम म्हणाल्या, "खरं सांगू मावशी, मला माहीत नाही. चिखल नीट बसला, त्यात बारीक किडे आले, तर होऊ शकतात. पण बी जवळपास असायला हवं. इथे आता जवळ कुठे जिवंत खुबेच राहिलेले नाहीत."

"मंग बी आनाचं."

दोघं-तिघं हसले. मॅडम हसल्या नाहीत. "आणू. मी स्वतः आणीन. पण निदान तीन पावसाळे जाऊ देत. तोवर कुणीही ह्याच्यात पाय टाकायचा नाही. वरून घट्ट दिसेल, खाली नुसती पेज आहे. आम्हीसुद्धा फळ्या टाकूनच जातो. लाल झेंडे लावलेत, त्यांच्या आत कुणी नको."

घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "ती पोरगी चांगली हाय. पन तीन पावसाले! मी तवर हाय कं?"

"असशील गं."

"आनि चिखल मना शिकवते ती," असं म्हणून ती हसली. खूप दिवसांनी तिला हसताना बघत होते, म्हणून मीही हसले.

त्यानंतर आई बदलली. बदलली म्हणजे दादाशी बोलायला लागली असं नाही. पण सकाळी घरातून निघायला लागली. वहिनीला सांगायची, पनवेलच्या बाजाराला जाते. मी ऑफिसात असायचे, दुपारी घरी जाणंही त्या दिवसांत जमत नव्हतं, त्यामुळे मला काही कळायचं नाही, आणि वहिनीला मला विचारायची गरज वाटली नाही. नंतर गावातल्या तिच्या एका जोडीदारणीनं सगळं सांगितलं. दोघी बसनं पार पनवेलच्या बाजूच्या खाडीवर जायच्या. तिथे अजून थोडा जुना चिखल शिल्लक आहे. त्यात आई खुबे शोधायची, पण मोठे नाही, अगदी बारके, नखाएवढे. मोठा सापडला तर जोडीदारणीला द्यायची. बारके ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायची आणि मोरीत घमेल्यात खाडीच्या पाण्यात ठेवायची. वहिनीला वाटलं, म्हातारीला खुबे खायची इच्छा झालीय.

शिमगा होऊन गेला होता, ऊन तापायला लागलं होतं. यार्डात दुपारच्या गाड्यांची गर्दी होती. माझा फोन वाजला. दादाबरोबर काम करणारा एक जण होता.

"ताई, बांधावर या. लवकर या. तुमची आई हाय."

मी स्कूटर घेतली. काय झालंय हे विचारायचंही सुचलं नाही. बांधावर पोचले तर पंधरा-वीस माणसं उभी होती आणि सगळी एकाच दिशेला बघत होती. लाल झेंड्यांच्या बरंच आत, सपाट राखाडी चिखलाच्या मध्यावर आई होती. कमरेपर्यंत आत गेलेली. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. समोर पाटी ठेवलेली आणि दोन्ही हात पाटीवर. लांबून बघितलं तर वाटावं, बाजारात मासळी घेऊन बसलीय.

पुढे मला कळलं की दादाला ते हिरवं आधी दिसलं होतं आणि त्याला वाटलं होतं, काठीला प्लॅस्टिकची पिशवी अडकलीय.

चिखलाचा तिनं अंदाज घेतला असणारच. आयुष्यभर तेच केलं होतं. पण तो अंदाज जुन्या चिखलाचा होता. जुन्या चिखलाला बूड असतं. पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि कुठेतरी थांबतो. ह्या चिखलावर उन्हानं पापुद्रा धरला होता, त्याला भेगासुद्धा पडल्या होत्या. त्यानं तिला थोडं आत येऊ दिलं आणि मग तो पायाखाली फुटला. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. मॅडम तिथेच होत्या, माझ्या शेजारी, पायात एकच बूट, कुणाला तरी ओरडून पाण्याचा पाइप आणायला सांगत होत्या. नुसतं ओढलं तर चिखल माणसाला सोडत नाही, पायांजवळ पाणी सोडून तो आधी सैल करावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मशीन जवळ नेता येत नव्हतं. त्याच्या हिसक्यानं ती अजून खाली गेली असती. दादानं प्लायवुडच्या फळ्या एकापुढे एक टाकल्या आणि पोटावर सरपटत निघाला. कमरेला दोर, हातात पाइप. त्याच्यामागे अजून एक जण. आणि पूर्वेकडून भरतीचं पाणी शिरत होतं. अगदी हळू, फेसाची बारीक कड पुढे घेऊन, दादानं ज्या उतारानं त्याला वाट करून दिली होती त्याच उतारानं.

वारा आमच्या बाजूला होता, त्यामुळे बोलणं ऐकू येत होतं.

"आये, हात दे."

"आदी पाटी घे."

"पाटी मरू दे गं! हात दे!"

"जिती हायत त्यान. घे म्हनते ना."

सात वर्षांनंतर ती त्याच्याशी हे बोलली.

त्यानं पाटी जवळ ओढली. वरचं गोणपाट बाजूला केलं. आत काय होतं ते मला बांधावरून दिसत नव्हतं. एवढंच दिसलं, की तो थांबला. त्यानं कपाळ फळीला टेकलं. मागचा माणूस ओरडला, "अरे पानी आलं!" तेव्हा त्यानं पाटी मागे सरकवली आणि दोन्ही हात तिच्या काखेत घातले.

"गुडगा सांभाल. उजवा."

"सांभालतो."

"हलू."

"हलूच करतो, आये. मला धरून ऱ्हा."

पाणी तिच्या पोटाशी आलं, मग छातीशी. पाइपमधलं पाणी आणि भरतीचं पाणी एकच झालं. एक पाय सुटला, दुसरा सुटेना. तेवढ्यात खाडीतून एक लाँच गेली. त्या लाँचवाल्याला बिचाऱ्याला काय माहीत. तिच्या लाटा आल्या, एकामागून एक, आणि आईच्या तोंडावरून गेल्या. दादानं तिचं डोकं वर उचलून धरलं, स्वतः पाण्याखाली जाऊन धरलं. तिसऱ्या की चौथ्या लाटेला दुसरा पाय सुटला. ती बाहेर आली तेव्हा खोकत होती आणि तोंडातून राखाडी पाणी येत होतं. बांधावर आणल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू कामावरशी आलीस?" जणू माझी रजा गेली हीच काळजी.

नेरूळच्या हॉस्पिटलात पहिले काही दिवस ती चांगली होती. बोलत होती, नर्सशी भांडत होती, चहात साखर नाही म्हणत होती. दादा तिथून हलत नव्हता. फक्त दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला तो गेला, फळ्या टाकून, बांधालगत जिथे चिखल बऱ्यापैकी बसला होता तिथे ते बारके खुबे हातानं एकेक करून लावून आला. परत आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत चिखल होता आणि वॉचमन त्याला आत सोडत नव्हता.

मी खुर्चीत बसले होते, तेव्हाचं त्यांचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

"टाकलंस?"

"टाकलं."

"नुसतं फेकलं नाय ना? तोंड वर पायजे त्यांचं."

"वर केलंय. एकेकाचं."

तिनं डोळे मिटले. दादानं तिच्या पांघरुणाची कड धरली होती, लहान मूल धरतं तशी. मग म्हणाला, "आये, तवा मी जे..."

"ते ऱ्हावं दे," ती म्हणाली. "पानी किती वेल थांबतं त्या बाजूला?"

"दोन-अरीच तास."

"बरा हाय. तेवरा पायजे."

त्याला जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं. त्यानं अजून एकदा प्रयत्न केला, मी पाहिलं. तिनं पुन्हा चिखलाचंच काहीतरी विचारलं. मला तेव्हा वाटलं होतं, घाई काय आहे, घरी गेल्यावर बोलतील, आता दोघांना सगळा वेळ आहे.

मग ताप चढला. ते पाणी छातीत गेलं होतं. डॉक्टरांनी फोटो दाखवला, दोन्ही फुप्फुसांत पांढरे ढग. तिला काचेच्या खोलीत नेलं, तोंडात नळी घातली, आणि त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही. दुसरा आठवडा संपायच्या आत गेली.

तिला घरी आणून अंघोळ घातली तेव्हा वहिनी तिच्या पायांच्या नखांतला चिखल काढत होती. हॉस्पिटलात इतके दिवस पुसूनही तो तिथे होता. वहिनी रडत रडत दातकोरणीनं तो काढायला लागली. मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे.

गावात बोलणं झालंच. दिवसकार्याला आलेल्या काकांनी सगळ्यांसमोर दादाला ऐकवलं, "आदी तिचा चिखल पुरलास, आनि मंग तुज्या चिखलान तिला पुरलीस." काका वडीलधारे, म्हणून त्यांना कुणी थांबवलंही नाही. दादा समोर बसून ऐकत होता. मान डोलावत होता. मला ते मान डोलावणं सहन झालं नाही. मी उठून काकांना नको ते बोलले, आमचा आणि त्यांचा व्यवहार त्या दिवशी तुटला. पण दादाच्या आत ते जे गेलं ते गेलं. मी त्याला कितीदा सांगितलं, झेंडे होते, मॅडमनी बजावलं होतं, ती आपल्या मनानं गेली, तुझ्यासाठी गेली. शेवटचं वाक्य बोलले आणि माझं मलाच कळलं, की तेच त्याला सगळ्यात जड जातंय. ती रागावून घरात बसली असती तर आज जिवंत असती. तिचा राग गेला म्हणून ती गेली.

काम काही आठवडे बंद ठेवलं. बांधावर जाळीचं कुंपण घातलं. काही बायका म्हणाल्या, हे काम नकोच. मॅडम घरी आल्या, आईच्या फोटोसमोर बराच वेळ बसल्या. जाताना दादाला म्हणाल्या, "तुम्ही आला नाहीत तरी आम्ही समजू."

तो गेला. पश्चिमेकडची बाजू अर्धी राहिली होती. पावसाळ्याआधी तिचा उतार केला नसता तर सगळंच वाहून गेलं असतं. महिनाभर तो रोज गेला. वहिनी सांगते, त्या महिन्यात संध्याकाळी जेवताना तो एक शब्द बोलायचा नाही. काम पुरं झालं त्या दिवशी त्यानं मशीन धुतलं, किल्ली दिली आणि घरी आला. त्यानंतर तो खाडीकडे गेलेला नाही. आता पालघरकडे एका खाणीवर मशीन चालवतो. महिन्यातून एकदा घरी येतो, तोही मागच्या रस्त्यानं, जिथून पाणी दिसत नाही.

खाजण मात्र टिकलं. पहिल्या पावसाळ्यात थोडं खचलं, पण टिकलं. मॅडम मला ऑफिसात फोन करून सांगत असतात. दादाला सांगायचा त्यांना धीर होत नाही. आधी चिखलावर तपकिरी-हिरवी साय धरली. मग किडे आले. मग बारके खेकडे, आपोआप, कुणी न आणता. थंडीत लांब चोचीचे पक्षी उतरले. खुब्यांचं मात्र काही झालं नाही. दादानं लावलेल्या जागी त्यांनी दोनदा चाळून बघितलं, रिकामे शिंपले मिळाले. "ऊन फार होतं त्या वर्षी," त्या म्हणाल्या. "आणि चिखल अजून तयार नव्हता. आपण पुन्हा आणून टाकू." मी बरं म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात एकदा दुपारी मी एकटीच बांधावर गेले. ओहोटी होती. खेकड्यांनी सगळीकडे छोट्या छोट्या गोळ्या काढून ठेवल्या होत्या, पक्षी शिस्तीत चरत होते, आणि पूर्वेकडून वळत गेलेल्या पाण्याच्या बारीक वाटा उन्हात चमकत होत्या. कुणी सांगितलं नसतं तर वाटलं असतं, हे पहिल्यापासून असंच आहे. माझा भाऊ हे करू शकतो हे मला माहीतच नव्हतं. मी मोबाईल काढला. फोटो काढला आणि दादाला पाठवायला गेले, पण पाठवला नाही. खरं तर तो त्याला पाठवायचाच नव्हता. मला हे आईला दाखवायचं होतं. तिनं काहीतरी खोट काढली असती, म्हणाली असती, तिकडचा कोपरा अजून कच्चा आहे, आणि संध्याकाळी टीव्ही बंद करून जिना चढून वर गेली असती.

मी बराच वेळ तिथे उभी राहिले. पाणी यायला लागलं तशी ऑफिसात परतले. दुपारच्या गाड्या लागल्या होत्या.